खुला परवाना आणि ग्रंथाचे मोल

म्युनिकहून फ्रायझिंगच्या दिशेने जाणारी एस-वन गाडी उंटरश्लाइसहाइम, लोहोफ आणि एशिंग ही तीन स्थानके ओळीने घेते. या पट्ट्यात प्रवाशाने मुद्दाम उतरून पाहावे असे फारसे काही नाही: काचेच्या कचेऱ्या, गोदामे, मध्येच एखादे शेत. तथापि मनुष्याच्या बुद्धीतून निर्माण झालेल्या वस्तूवर मालकी कोणाची, तिच्या उपयोगाचा परवाना कोणी कोणास द्यावा आणि त्या परवान्याचे मोल किती आकारावे, या प्रश्नांचा ज्याला स्वस्थपणे विचार करावयाचा असेल, त्याला यापेक्षा सोयीची जागा सहसा मिळावयाची नाही. उंटरश्लाइसहाइम येथे २०१६ पर्यंत मायक्रोसॉफ्ट कंपनीचे जर्मनीतील मुख्य कार्यालय होते. वस्तू विकावयाची नाही, ती वापरण्याची अनुज्ञा तेवढी विकावयाची, या व्यापारपद्धतीचे ते जर्मन ठाणे. ते ठाणे तेथे असतानाच म्युनिकच्या नगरसभेने २००३ साली लिनक्स ही मुक्त आज्ञावली आपल्या कचेऱ्यांतून आणण्याचा ठराव केला, आणि पुढे २०१७ साली तो फिरवलाही. या प्रकरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने पुढच्या दोन स्थानकांवरची एशिंगची हकीकत अल्पपरिचित आहे, आणि मला वाटते, अधिक बोधक आहे.

एशिंग येथे श्मिट श्पीले या खेळांच्या कंपनीचे बिऱ्हाड होते. या घराण्याचा मूळ पुरुष योझेफ फ्रीडरिश श्मिट. त्याने १९०७-०८ च्या हिवाळ्यात म्युनिकच्या गीझिंग भागात राहून आपल्या मुलांसाठी एक सोंगट्यांचा खेळ रचला, १९१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर काढला, महायुद्ध सुरू होताच तीन हजार संच लष्करी इस्पितळांना देऊन टाकले, आणि युद्धावरून परतलेल्या शिपायांनी तो घरोघर नेला. त्या वेळी पस्तीस फेनिगांना मिळणारा 'मेन्श एर्गरे दिश निश्त' हा खेळ आजही जर्मन घरात नसेल असे होत नाही. चार बाजूंची चार घरे, फाशाच्या दानाप्रमाणे चालणारी सोंगटी, मागून येणाऱ्याने पुढच्याला मारून पुन्हा घरी धाडणे: मराठी वाचकाला हे वर्णन ऐकताच ओळख पटेल, कारण हा खेळ आपल्या पचिसीच्याच वंशातला आहे. इंग्लंडात १८९६ साली तिने लुडो हे नाव धारण केले, अमेरिकेत त्याच्याही आधी पार्चीसी हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले, आणि जर्मनीत श्मिटने तिला मुलांच्या आवाक्यात आणले. यासाठी कोणी हिंदुस्थानास एक फेनिगही दिला नाही, आणि माझ्या मते देण्याचे कारणही नव्हते. पचिसीचे नियम कोणाच्या मिळकतीत नव्हते. श्मिटने विकला तो पट, खोके, सोंगट्या आणि त्या सर्वांची नीट बांधलेली स्वस्ताई. या गोष्टी निःसंशय त्याच्या होत्या आणि त्यांचे मोल त्याने उजळ माथ्याने घेतले.

अशा परक्या पण बेवारस नियमांवर उभ्या राहिलेल्या या घराण्यापुढे सत्तर वर्षांनी एक मालकीचा खेळ येऊन उभा राहिला. अमेरिकेत १९७४ च्या आरंभी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला; पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर, खोकी हातांनी भरलेली. या खेळाला पट नाही आणि शेवटी जिंकणारा-हरणारा नाही. मेजाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात आपल्या पात्राचे बळ, चापल्य आणि विद्या आकड्यांनी मांडलेला एक कागद. त्यांतील एक जण सूत्रधार होऊन 'पुलाची फळी कुजलेली दिसते' असे सांगतो, दुसरा 'मी तरी उडी घेतो' म्हणतो, आणि उडी साधली की नाही याचा निवाडा वीस बाजूंचा फासा व ग्रंथातले एक कोष्टक यांनी मिळून करावयाचा. या भूमिकाखेळात विकण्याजोगी वस्तू काय ती नियमांचा ग्रंथ. आणि तो ग्रंथही असा की एका मेजावरच्या सहा जणांना एक प्रत दहा वर्षे पुरावी. प्रकाशकाच्या सर्व चिंता, आणि त्याचे बरेचसे पापही, या एका गोष्टीतून उगम पावते.

हा खेळ जर्मनीत आणण्याचा विचार श्मिट कंपनीने द्रोएमर क्नाउर या ग्रंथप्रकाशकाच्या सहकार्याने केला तेव्हा मालक टीएसआर कंपनीने परवान्याची जी रक्कम मागितली ती त्यांना परवडण्यासारखी नव्हती, आणि बोलणी फिसकटली. त्यांनी मग उलरिश कीझोव्ह, वेर्नर फुक्स आणि हान्स योआखिम आल्पेर्स या त्रिकुटाकडून नवाच खेळ लिहवून घेतला. यांतील कीझोव्हने त्या अमेरिकन खेळाचा जर्मन अनुवाद आधीच केलेला होता, म्हणजे परवाना नाकारणाऱ्याने जाणकार मात्र आपसूक पुरवला होता. १९८४ साली 'दास श्वार्त्से आउगे', अर्थात 'काळा डोळा', एशिंगच्या पत्त्यासह बाजारात आला आणि जर्मनीत त्याने मूळ खेळाला मागे टाकले. टीएसआरच्या मुनिमाने परवान्याचा आकडा थोडा खाली आणला असता तर त्याला दरसाल हप्ता मिळत राहिला असता. त्याऐवजी त्याने स्वहस्ते प्रतिस्पर्धी घडवला.

आणि तरीही एशिंगच्या विजयावर पूर्णविराम देता येत नाही. आपल्या नव्या खेळाचे जग त्यांनीही तितकेच कडेकोट बंद ठेवले. १९९७ साली टीएसआर कर्जात बुडून विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या हाती गेली, त्याच साली श्मिट कंपनीने दिवाळे काढले, आणि त्याच साली कीझोव्हही वारला. अवाच्या सवा मागणारा आणि ती मागणी झिडकारणारा, दोघांचेही खाते एका वर्षात बंद झाले. त्यांचे खेळ वाचले, पण ते दुसऱ्या कोणी तरी योग्य वेळी विकत घेतले म्हणून वाचले. लक्षावधी माणसांनी आपल्या फावल्या वेळाचा उत्तम भाग ज्यात घातला, ते कल्पनाविश्व एखाद्या कंपनीच्या जमाखर्चावर टांगलेले असावे, ही स्थिती शोचनीय आहे हे ज्या गृहस्थाच्या मनात प्रथम स्पष्टपणे आले तो रायन डॅन्सी, त्याच विझार्ड्स कंपनीतला अधिकारी. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा धडा घेऊन त्याने २००० साली 'ओपन गेम लायसन्स' हा दस्तऐवज काढला.

येथे क्षणभर कायद्याकडे वळले पाहिजे, कारण परवाना कशाचा हे न समजता त्याच्या मोलाची चर्चा करणे व्यर्थ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० साली बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात, हिशेबवह्या लिहिण्याच्या एका नव्या पद्धतीविषयी निर्णय दिला की पद्धतीचे वर्णन करणाऱ्या ग्रंथावर लेखकाचा हक्क असेल, पद्धतीवर नाही. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली, कोलकात्याच्या दोघा बंधूंनी काढलेल्या स्क्रॅब्युलस या खेळाच्या प्रकरणात, स्क्रॅबलच्या पटावर व नियमांवर लेखनाधिकार सांगणाऱ्या मॅटेल कंपनीची ती मागणी प्रथमदर्शनी अमान्य केली, आणि नावाच्या साधर्म्याबद्दल मात्र मनाई हुकूम दिला. म्हणजे नियम कोणाचा नाही, नियमांचे शब्द लेखकाचे, आणि नाव व्यापाऱ्याचे. यावर कोणी विचारील की नियम जर मुळातच कोणाचे नाहीत, तर त्यांसाठी परवाना घ्यावयाचा तो कशाला? उत्तर असे की भूमिकाखेळाच्या ग्रंथात नियम कोठे संपतो आणि शब्द कोठे सुरू होतात याची हद्द कोणी आखलेली नाही, आणि ती आखून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचे त्राण दोन माणसांच्या प्रकाशनसंस्थेत नसते. खुला परवाना या अनिश्चिततेवरचा कौलनामा आहे: अमुक सीमेत निर्धास्तपणे लागवड करा, सरकारचा उपद्रव होणार नाही.

डॅन्सीच्या कौलनाम्याचे कलम सहावे मला विशेष आवडते. ज्याने ज्याच्याकडून काही घेतले त्याने त्याचा हक्कलेख जसाच्या तसा आपल्या ग्रंथाच्या अखेरीस छापावा आणि त्याखाली आपला जोडावा, असे ते कलम सांगते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनंतरच्या एखाद्या क्षुल्लक साहसकथेच्या शेवटच्या पानावर बारीक टंकात ऋणकोंची अशी वंशावळ लागते की बखरकाराने हेवा करावा. परंतु याच दस्तऐवजात एक छिद्रही होते. चौथ्या कलमाने हक्क चिरकाल दिला. अपरिवर्तनीय असा शब्द घातला नाही. नवव्या कलमाने 'अधिकृत' आवृत्ती वापरण्याची मुभा दिली. अधिकृत कोणती हे कोणी ठरवावे याबद्दल पुरेसा खुलासा केला नाही. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला तेव्हा दिसले की कंपनीने नेमके याच छिद्रात बोट घातले आहे. जुनी आवृत्ती यापुढे अधिकृत नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांवर ज्याची उलाढाल असेल त्याने वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा. कौल देऊन पडीक जमीन लागवडीस आणावयाची आणि पीक उभे राहिले की वसुलीचे कारकून धाडावयाचे, हा प्रकार जगाला नवीन नाही. नवीन होती ती रयतेची तत्परता. लोकांनी कंपनीच्या सेवांच्या वर्गण्या बंद केल्या, भूमिकाखेळांचे ग्रंथ काढणाऱ्या पायझो कंपनीने इतरांच्या सहकार्याने स्वतंत्र परवाना काढण्याची घोषणा केली, आणि २७ जानेवारीला विझार्ड्सने माघार घेऊन खेळाच्या मूळ नियमांची चारशे पृष्ठे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयमात्र परवान्याखाली खुली केली. तो परवाना परत घेता येत नाही, असे त्याच्याच शब्दांत लिहिलेले आहे.

आता किमतीकडे. खुल्या परवान्याच्या पुरस्कर्त्यांत एक समज खोल रुजलेला आहे की जे खुले ते फुकट असावे, निदान फुकटाच्या जवळपास असावे, आणि खुल्या नियमांच्या ग्रंथाला भरघोस किंमत लावणारा प्रकाशक थोडासा लबाड असतो. हा समज मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. परवाना हक्काविषयी बोलतो, किंमत श्रमाविषयी. ज्ञानेश्वरीवर कोणाचीही मालकी नाही. म्हणून कोणी ग्रंथविक्रेत्याच्या दारात जाऊन ती फुकट मागत नाही, आणि चांगल्या पाठाची, शुद्ध छपाईची प्रत दुप्पट किमतीला घेताना कोणाला आपण फसलो असे वाटत नाही. भूमिकाखेळांच्या इतिहासातही याचा उघड पुरावा आहे. पायझोने २००९ साली 'पाथफाइंडर'चा मूळ ग्रंथ काढला तेव्हा त्याचे नियम बहुतांशी आधीच्या खुल्या नियमांवरून उचललेले होते आणि कंपनीने तेही सर्वांना विनामूल्य वाचण्यास ठेवले. तरी पावणेसहाशे पृष्ठांच्या त्या ग्रंथाची किंमत एकोणपन्नास डॉलर नव्व्याण्णव सेंट ठेवली, पीडीएफ प्रतीची नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. आणि ग्रंथाची पहिली छपाई प्रकाशनाच्या दिवसापूर्वीच संपली. गिऱ्हाईक मूर्ख नव्हते. त्याने नियमांसाठी पैसे दिले नाहीत. चित्रे, मांडणी, सूची, पुठ्ठ्याची बांधणी आणि मेजावर ग्रंथ उघडून बोट ठेवण्याची सोय यांसाठी दिले.

याच्या उलट टोकाला 'बेसिक फँटसी' हा खेळ आहे. त्याचा कर्ता क्रिस गॉनरमन पीडीएफ विनामूल्य देतो आणि छापील प्रत जवळजवळ छपाईच्या खर्चात. या औदार्याचा मी आदर करतो; पण त्याचा नियम करावा असे मला वाटत नाही. खर्चात विकणारा लेखक आपला श्रम दान करतो, आणि ज्याचा चरितार्थ दुसऱ्या नोकरीवर चालतो त्यालाच हे दान परवडते. अशा दात्यांची संख्या वाढली की बाजारात ग्रंथाचा भावच त्यांच्या दातृत्वावर ठरू लागतो, आणि लेखणीवर पोट असणारा माणूस क्षेत्रातून उठतो. 'वाटेल ते द्या' ही तिसरी रीत, 'फेट कोअर'सारख्या खेळाच्या पीडीएफला ती लावली गेली. ती चालली, याचे कारण प्रकाशनाच्या आधीच २०१३ साली पाठीराख्यांनी चार लाखांवर डॉलर जमवून दिले होते. ज्याची पाटी कोरी आहे त्याने ही रीत उचलली तर बहुतेक वाचक शून्य हा आकडा निवडतील, आणि त्यांना दोषही देता येणार नाही, कारण लेखकानेच आपल्या कृतीचे मोल सांगण्याचे टाळले.

या बाबतीत जर्मनीची व्यवस्था मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे ग्रंथाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती प्रत्येक विक्रेत्यास बंधनकारक असते. ही रूढी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, आणि २००२ पासून तिला कायद्याचे रूप आहे. दीड वर्षानंतर प्रकाशकाला हे बंधन उठवता येते. उंटरश्लाइसहाइमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आणि बलाढ्य दूरविक्री कंपनीच्या गोदामात नियमग्रंथ एकाच भावाने मिळतो. मलपृष्ठावरच्या रेघांच्या चौकटीशेजारी तो भाव छापलेला असतो, जर्मनीचा एक आणि ऑस्ट्रियाचा एक. समजा, ही किंमत चाळीस युरो आहे. त्यातून सात टक्के दराने सरकारचे दोन युरो बासष्ट सेंट गेले. विक्रेत्याने उरलेल्यातले चाळीस टक्के घेतले असे धरले तर प्रकाशकाच्या हाती साडेबावीस युरोंच्या आतच पडतात, आणि त्यातून कागद, छपाई, चित्रकार, संपादक, अनुवादक व गोदामभाडे भागवावयाचे. हाच माल ग्रंथ न ठरता खोक्यातला खेळ ठरला तर कर एकोणीस टक्के, म्हणजे सहा युरो एकोणचाळीस सेंट, आणि किमतीचे संरक्षणही नाही. चाळीस युरो हा आकडा ऐकून जो 'नियम तर फुकट आहेत' असे म्हणतो, त्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अधिक उद्बोधक गोष्ट अशी की ज्या जर्मन कायद्याने लेखकाला योग्य मोबदल्याचा हक्क दिला, आणि तो कराराने सोडून देता येणार नाही असे बजावले, त्याच कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात एक अपवाद ठेवलेला आहे: लेखकाला वाटल्यास त्याने सर्वांना विनामूल्य साधा वापरहक्क द्यावा. मोबदला आणि मोकळीक यांना परस्परांचे वैरी न मानता एकाच कलमात शेजारी बसवणारा हा विधिकार मला बहुतेक चळवळ्यांपेक्षा दूरदर्शी दिसतो. उंटरश्लाइसहाइम ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या म्युनिकच्या पहिल्या प्रांतिक न्यायालयाने १९ मे २००४ रोजी हेही दाखवून दिले की मुक्त परवाना केवळ सदिच्छापत्र नाही. नेटफिल्टर या मुक्त आज्ञावलीच्या अटी मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध त्याने मनाई कायम केली. फुकट दिलेल्या वस्तूच्याही अटी पाळाव्या लागतात, हे प्रथम निर्णयात लिहिणाऱ्या न्यायालयांत त्याची गणना होते.

दोन आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. पहिला, मोकळिकीने बाजारात केरकचरा येतो. हे खरे आहे. २००० नंतरच्या तीन वर्षांत खुल्या नियमांवर इतके ग्रंथ निघाले की २००३ साली मूळ खेळाची सुधारित आवृत्ती येताच दुकानांतून ते पडून राहिले आणि कित्येक प्रकाशक बुडाले. परंतु मुद्रणयंत्र आले तेव्हाही हेच झाले होते. त्यावर उपाय चाळणीचा आहे, बंदीचा नव्हे. दुसरा आक्षेप असा की मालकाच्या छत्राखाली राहणे नवोदिताला अधिक सुखाचे. विझार्ड्सने २०१६ पासून 'डंजन मास्टर्स गिल्ड' या नावाने अशी सोय केली आहे: कंपनीची नावे, देशनकाशे, राक्षस सर्व वापरा, आणि उत्पन्नाचा अर्धा भाग घ्या, उरलेला अर्धा कंपनी आणि बाजारचालक वाटून घेतील. काही लेखकांचे यात भले झाले आहे, हे मान्य. पण तेथे लिहिलेले दुसरीकडे नेता येत नाही. ही शेती अर्धेलीची आहे, आणि कुळकायदा तेथे लागू नाही.

अव्यापारी अटीच्या परवान्यांविषयी मात्र माझे मत बरेच कडक आहे. जर्मनीतच क्रिस्टियान केनिगचा 'डंजनस्लेयर्स' हा सुटसुटीत खेळ २००८ पासून विनामूल्य वाचावयास मिळतो, आणि त्याची छापील आवृत्ती उर्व्हेर्क प्रकाशनाने विकली; परवाना असा की इतरांनी वाटावे, बदलावे, पण विकू नये. लेखकाचे हित यात सुरक्षित राहते, खेळणाऱ्याचेही राहते. मरतो तो अनुवादक. मराठीत असा खेळ आणणाऱ्या माणसाला सहा महिने खपून एक रुपयाही घेता येणार नाही; आणि ज्या भाषेत वाचक थोडे त्या भाषेत बिनमोबदल्याचे काम दुसऱ्या खंडापर्यंत टिकत नाही, हा आपल्या ग्रंथव्यवहाराचा जुना अनुभव आहे.

आपल्या मुलांच्या हाती आज लुडो आहे, आणि ते पचिसीचेच नातवंड परदेशी नावाने परत आलेले आहे. भूमिकाखेळांच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे नसेल तर आज कायद्याची आडकाठी उरलेली नाही. ती चारशे पृष्ठे जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत खुली झाली आहेत. मराठीत आणण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही, श्रेयाची एक ओळ लागते. ज्या कोणा प्रकाशकाच्या मनात हे काम येईल, त्याने नियम खुले ठेवावेत, नागझिऱ्याचे अरण्य आणि कोकणातले जंजिरे यांचे जे जग तो स्वतः रचील त्याचा हक्क खुशाल आपल्याकडे ठेवावा, अनुवादक, चित्रकार आणि मुद्रितशोधक यांची देणी आधी चुकती करावीत आणि मगच मलपृष्ठावर जी येईल ती किंमत छापावी. तिच्यावर पुढे पन्नास टक्के सूट देता यावी म्हणून ती आधी फुगवू नये. आणि वाचकांना विनंती एवढीच की, त्या ग्रंथासाठी पुढच्या प्रदर्शनाची वाट पाहू नका. छापील किमतीला घ्या.